मोठ्यानं नेला

आमच्या गावात माझ्या बापाचं सगळं चरित्र दोन शब्दांत मावत होतं: मोठ्यानं नेला.

गोंडपिपरीहून पोंभुर्ण्याकडे जाणाऱ्या जंगलवाटेवर आमचं गाव आहे. आम्ही ढिवर, मासे धरणारे. गावाला लागून तलाव, तलावात मासे आणि शिंगाडे, आणि पाळीवर, तलावाच्या बांधावर, जिथून शेतांना पाणी सोडतात तिथे, वाळक्या फांद्यांचा एक ढीग. त्या जागी माझा बाप मेला. जनावरानं माणूस मारला की आमच्याकडे त्या जागेवरून जाणारा प्रत्येक जण एक डहाळी मोडून टाकतो. टाकताना म्हणायचं, "मोठ्यानं नेला, बापा," आणि पुढं जायचं. मी चालायला लागलो तेव्हापासून डहाळ्या टाकत आलो. बापाचा चेहरा मला आठवत नाही. तो ढीगच मला बापासारखा वाटायचा. उन्हाळ्यात वाळून खचायचा, पाऊस सरला की पुन्हा वाढायचा.

वाघाचं नाव आमच्याकडे घेत नाहीत. नाव घेतलं की तो ऐकतो आणि येतो, म्हणून तो 'मोठा'. नाल्यावर मोठ्याचे पाय उमटले, मोठ्यानं गोऱ्हा धरला, असं बोलायचं. पण गावात आणखी एक मोठा होता. गाव ज्यांच्या मालकीचं, त्या मालगुजारांच्या घरी दोघे भाऊ, त्यांतले थोरले. तोंडावर सगळे त्यांना 'मोठेभाऊ' म्हणत आणि पाठीमागं नुसतं 'मोठा'. पुस्तकातल्या मराठीत मालकाला 'मोठ्यांनी' म्हटलं असतं आणि वाघाला 'मोठ्याने'. आमच्या बोलीत पाठीमागं कोणाचा एवढा मान राखत नाहीत. दोघांनाही 'मोठ्यानं'च. आज हे सरळ लिहिता येतं. कॉलेजात जाईपर्यंत ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

आमच्या घराण्यात शाळेच्या पुढं गेलेला मी पहिलाच. नागपूरला कॉलेजच्या वार्षिकांकासाठी मराठीच्या प्राध्यापकांनी आम्हाला घरातल्या एखाद्या माणसाचं चरित्र लिहायला सांगितलं. मी बापाचं लिहिलं. शुद्ध लिहायचं म्हणून 'नेला'चं 'नेले' केलं, 'नं'चं 'ने' केलं. प्राध्यापकांनी ते वर्गात वाचलं.

"'माझ्या वडिलांना मोठ्याने नेले.' मोठ्याने म्हणजे काय? ओरडून?"

वर्ग हसला. मीही हसलो, कारण दुसरं काय करावं ते कळलं नाही. तास संपल्यावर त्यांनी मला थांबवलं. माणूस चांगला होता. म्हणाले, "अहो, 'मोठा' हे विशेषण आहे. विशेष्य कुठं आहे? मोठा कोण? आणि तुम्हाला हे कोणी सांगितलं? चरित्रात कर्ता लागतो. गोष्टीत एक वेळ चालवून घेऊ."

मी 'वाघ' म्हणणार होतो. जीभ अडली. आधी वाटलं, लहानपणची भीती आहे. मग वसतिगृहाकडे चालत येताना मला रोवण्यातली गोष्ट आठवली आणि मी रस्त्यातच उभा राहिलो.

रोवण्याच्या दिवसांत बाया चिखलात एका ओळीत वाकून, मागे मागे सरकत भाताची रोपं लावतात. मी आईशेजारी ओळीत असायचो. आमच्या शेजारची एक म्हातारी गोष्ट सांगायची आणि बाकीची ओळ 'हो बाई' म्हणायची. माझ्या बापाच्या मरणाची गोष्ट तिनं दरवर्षी सांगितली. आई शेजारी असताना सांगितली. आई हुंकार द्यायची नाही, थांबवायचीही नाही. तिची रोपं मात्र त्या वेळी फार खोल जायची.

"शिकारीले साहेब आल्ता," म्हातारी म्हणायची. "हाका कराचा होता, रानातून जनावर हाकलाचं होतं. मागच्या हाक्यात गोंडाच्या एका पोऱ्याचं पोट फाटलं होतं, आतडी हातात धरून घरी आल्ता तो. तं ह्यानं म्हनलं, मोठ्याच्या तोंडापुढं मी नाई उभा राहात."

"हो बाई."

"तेच झोंबलं मोठ्याले."

मला लहानपणी खरंच वाटायचं, वाघाला ते ऐकू गेलं आणि त्याला राग आला.

"आधी हात धरलन्. जाळं फेकनारे हात. मनगट असं मोडलन्, ओल्या बांबूवानी. आवाज पार वडापर्यंत. मंग दुसरं. मंग गुडघे. मानूस उभा नाई राह्यला पायजे ना! मंग पान्यात तोंड दाबलन्. वर काढलन्, पुना दाबलन्."

"काऊन वो बाई, मोठा असा खेळते काय?" गावात नवी आलेली एखादी सून विचारायची.

"खेळते ना, माय. पोट भरून राह्यते त्याचं. मंग खेळते."

सगळ्या हसायच्या. तेवढ्यात मालगुजारांचे दिवाणजी छत्री घेऊन बांधावर दिसले, तर म्हातारीचा आवाज जरासुद्धा न अडखळता म्हणायचा, "...आन शेपटी अशी आपटलन् का पळसाचं झाड मुळापासून हाललं!" दिवाणजी गेले की शेपटी गळून पडायची. पट्टे पुसले जायचे. उरायचे हात, गुडघे, पाणी.

नागपूरच्या रस्त्यावर उभा राहून मी एवढाच विचार केला: वाघ आधी हात कशाला मोडेल?

सुट्टीत घरी गेलो ते हेच विचारायला. पण मी विचारण्याआधीच मालगुजारांचं बोलावणं आलं. पोरगा बापावर लिहितो आहे ही बातमी माझ्या आधी गावात पोचली होती. मालगुजारी सरकारनं काढून घेतली होती, तलाव सरकारजमा झाला होता, असं म्हणत. पण तलावात पाय कोणी घालायचा हे अजून तेच ठरवत. आई त्याच तलावात मासे धरायची, शिंगाडे काढायची. आमचं दोघांचं पोट त्या पाण्यावर होतं.

ते ओसरीवर सुपारी कातरत बसले होते. मागे भिंतीवर वाघाचं कातडं, तोंड उघडं, एक डोळा पडलेला.

"काऊन रे, बापावर लिवून राह्यला म्हनते?"

"होय जी."

"का लिवलं?"

"अजून काई नाई, मोठेभाऊ. विचारून राह्यलो."

"विचाराचं का त्याच्यात? वाघानं मारला. लिव, वाघ."

गावात तो शब्द उघड बोलणारे ते एकटेच. मी दचकलो. ते हसले. "पाहा! नागपूरले शिकते आन वाघ म्हनलं का मुतते!" मग अडकित्ता खाली ठेवून स्वतःच्या मानेवर हात ठेवला. "इथी धरते तो. एकच. कट्. लय साफ काम राह्यते वाघाचं. तुझ्या बापाले समजलंबी नसन. मंग मीच पाडला त्याले." त्यांनी न वळता अंगठा कातड्याकडे केला. "छापून आलं का मले वाचून दाखवजो. आन तुझी माय कशी हाय? जाते ना अजून तलावावर?"

"जाते जी."

"जाऊ दे. जाऊ दे."

आई तलावावरच होती. दुपारचं ऊन होतं. तिनं एक मरळ धरली होती, हाताएवढी, आणि काठावरच्या दगडावर तिचं डोकं आपटत होती. मरळ लवकर मरत नाही. डोक्याचा चेंदा झाला तरी शेपूट वळवळत राहते. मी बाजूला बसलो. फांद्यांचा ढीग तिथून दिसत होता.

"माय, बापाची मान कशी होती? तू पाह्यलं ना?"

तिनं मासा आपटला.

"माय, हात?"

पुन्हा आपटला. रक्त तिच्या कोपरापर्यंत उडालं होतं.

"मोठा कोनता, माय?"

ती थांबली. मला वाटलं, आता रडेल. ती उभी राहिली आणि जंगलाकडे पाठ करून, जेवढा आवाज होता तेवढ्यानं म्हणाली, "वाघ लिव."

मी सवयीनं झाडांकडे पाहिलं.

"वाघ. वाघानं मारला असंच लिव. वाघ, वाघ, वाघ!"

तिनं मागे वळूनही पाहिलं नाही. वाळलेल्या पानांवर काही सरपटलं तरी आपल्या छातीवर हात ठेवणारी ती बाई. माझ्या जन्मात तिच्या तोंडून मी तो शब्द ऐकला नव्हता. जिच्या नवऱ्याला खरोखर वाघानं नेलं आहे, तिला त्याच जागी उभं राहून ते नाव असं घेता आलं असतं का? मला दोन्ही गोष्टी एकदमच समजल्या. काय झालं होतं ते, आणि ती मला काय लिहायला सांगते आहे ते. ती खाली बसली आणि मरळीचे खवले काढू लागली. शेपूट अजून हलत होती.

नागपूरला परत गेल्यावर प्राध्यापकांनी विचारलं, "कर्ता सापडला?"

"सापडला सर. पण लिहिता येत नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या कागदावरचा 'चरित्र' हा शब्द पेन्सिलनं खोडला आणि त्याजागी 'गोष्ट' लिहिलं. अजून काही विचारलं नाही. याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

मी आईनं सांगितलं तसं 'वाघ' लिहिलं. बाकी सगळं मात्र म्हातारीच्या क्रमानं आलं: हात, गुडघे, पाणी. मला दुसरा क्रम येतच नव्हता. मी सापळा लावला असं पुढे गावात बोललं गेलं. मला तसं म्हणवत नाही. मला भीती वाटत होती आणि मी ऐकलं तसं लिहीत होतो. लिहिताना एवढं मात्र जाणवलं, की त्या बाया चिखलात वाकून जे करत होत्या ते मी कागदावर करू पाहत होतो. एकाच वाक्याला दिवाणजीपुढं शेपूट असते आणि आईपुढं नसते. वाक्य तेच राहतं. पुस्तकांत याला काय म्हणतात ते मी अजून शिकतो आहे.

अंक निघाला. धान घरी आल्यावर मी गावी गेलो आणि पुन्हा बोलावणं आलं.

मालगुजारांच्या अंगणात बाया धान पाखडत होत्या. म्हातारी होती, आईही होती. मोठेभाऊ खुर्चीवर बसले होते, हातात वेताची काठी, तिला पितळेचं टोक. चार माणसं ओसरीच्या पायऱ्यांवर. मला मधे उभं केलं.

"वाच. मोठ्यानं वाच," ते म्हणाले, आणि म्हातारी सुपाआड खुदकन हसली.

मी वाचू लागलो. पुस्तकी मराठी बायांना कंटाळवाणी वाटत असावी. सुपं चालू होती, कोंडा उडत होता. साहेबाचा हाका आला. बापाचा नकार आला. मग मनगट आलं. 'ओल्या बांबूसारखा आवाज झाला' असं मी वाचलं आणि सुपं थांबली. एकदम सगळी. मी मान वर केली नाही. गुडघे वाचले.

"थांब," मोठेभाऊ म्हणाले. "हे कोनं सांगतलं तुले?"

मी ओळीवर बोट ठेवून उभा राहिलो.

"वाघ हात मोडते काय रे? गुडघे मोडते? अरे, जिनगानी गेली माही जंगलात! वाघ मान धरते." ते रागावले नव्हते. शिकाऱ्याला चुकीची गोष्ट ऐकवत नाही, तसं ते बोलत होते, आणि पायऱ्यांवरच्या माणसांकडे पाहून हसत होते. "नागपूरले हेच शिकवते का? हात मोडनं वाघाचं काम नाई. लिवून ठेव. वाघाचं काम नाई ते."

मग म्हातारीनं, रोवण्यातल्या नव्या सुनेसारखं भोळं तोंड करून, विचारलं, "मंग हात कोनं मोडले, मोठेभाऊ?"

त्यांना कळायला थोडा वेळ लागला. चेहरा आधी हसराच राहिला, मग त्यावरचं हसू जागच्या जागी वाळलं. त्यांनी म्हातारीकडे पाहिलंच नाही. काठी उचलली ती माझ्यावर.

पहिल्या फटक्यानं अंक हातातून उडाला. मी तो उचलायला वाकलो, हात जमिनीवर होता, आणि पितळेचं टोक उजव्या हातावर आलं. तो आवाज मी ओळखला. मी तो लहानपणापासून ऐकत आलो होतो, फक्त कधी प्रत्यक्ष ऐकला नव्हता. नख उलटं झालं होतं, करंगळी भलतीकडे पाहत होती. मग खांद्यावर, कानावर, पाठीवर. कानातून ऊन ऊन काही गळ्यात उतरलं. दिवाणजी "मोठेभाऊ, मोठेभाऊ" म्हणत होते, पण हात धरायला पुढं आले नाहीत. मी धान्यात पडलो होतो आणि ओरडत होतो, "नाई वाचत जी, नाई वाचत! पाया पडतो!" तेवढ्यात आई आली. तिनं सूप माझ्यावर आडवं धरलं. काठी सुपातून आरपार गेली आणि तिथेच अडकली. त्यांना ती ओढून काढता येईना. म्हातारपण होतं, दम लागला होता. ते सुपात अडकलेल्या काठीला धरून धापा टाकत उभे राहिले.

अंगणात सगळी माणसं होती. हात कसे मोडतात ते सगळ्यांनी पाहिलं.

फाटकापर्यंत आमच्याबरोबर कोणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी निरोप आला, तलावात पाय घालायचा नाही. आईनं जाळं गुंडाळलं. पाळीवरून जाताना तिनं ढिगावर डहाळी टाकली. त्या दोन शब्दांची मी वाट पाहिली. ती काही म्हणाली नाही, नुसती टाकून पुढं गेली. आम्ही वैनगंगेकाठी मार्कंड्याजवळ मामाच्या गावी आलो. आई आता नदीत मासे धरते. नदीचं पाणी ओढतं, तलावासारखं उभं राहू देत नाही, असं ती सांगते. तक्रार म्हणून नव्हे.

यंदा मार्कंड्याच्या जत्रेला मी सुट्टी काढून आलो होतो. मामाच्या मुलीला बांगड्या भरायच्या म्हणून आई तिला चांद्याहून आलेल्या एका मुसलमान बांगडीवाल्याकडे घेऊन गेली. आई तिच्या पाठीमागं बसली, मोकळ्या हातांनी. मी उभा होतो. बांगड्या चढवताना पोरी हात आखडतात, म्हणून हे लोक सतत बोलत असतात. चाचांनी पोरीची बोटं आवळून धरली.

"हात ढीला सोड, बेटी. गोष्ट ऐक. तिकडं गोंडपिपरीकडं एक मालगुजार होता, मोठा जालिम. त्यानं एका ढिवराचे हात तोडले, पान्यात बुडवून मारला. त्या ढिवराचा पोरगा नागपूरले शिकला. किताब लिहिली त्यानं! भऱ्या दरबारात त्याच मालगुजारापुढं वाचली."

पोरीनं हात सैल सोडला. एक बांगडी गेली.

"मालगुजारानं काय केलं, तोडली त्याची बोटं. पाची. पन पोरगा थांबला नाई! खून गळून राह्यला आन तो वाचून राह्यला. भितीवरचा वाघ रडला म्हनते."

मामाची मुलगी माझ्याकडे वळून पाहणार, तोच आईनं तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"कोनं मारलं म्हनता त्या ढिवराले?" आईनं विचारलं.

"मालगुजारानं, बाई. और कोन मारते?"

त्यांनी ते सहज सांगितलं, दुसरी बांगडी चढवता चढवता. मोठा नाही, वाघ नाही. इतक्या दूरवर आल्यावर कुठंतरी वाटेत ते शब्द गळून पडले होते. आईनं पोरीच्या खांद्यावरचा हात तसाच ठेवला. जत्रेचा गलबला चालू होता.

"आन पोरगा शेवटपर्यंत वाचत राह्यला?"

"खुदा कसम."

मी खोटं आहे म्हणणार होतो. मी गुडघ्यांपाशीच थांबलो होतो, मी पाया पडतो म्हणून ओरडलो होतो, बोटं दोनच मोडली होती. तिला हे सगळं माहीत होतं. तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"हो," ती चाचांना म्हणाली. "राह्यला."

मी उजवा हात सदऱ्याच्या खिशात घातला.